भरलेली जागा

त्या राज्यात तळं एकच होतं, आणि ते कुणाचं हे दरवर्षी पावसाळा सरल्यावर मैदानात ठरत असे. एका बाजूला अलीकडची जनावरं, दुसऱ्या बाजूला पलीकडच्या रानातली डुकरं आणि मध्ये एक वाळलेला भोपळा. डुकरांच्या डोक्यावरून तो पल्याडच्या टोकाला पोचवायचा. हरणाऱ्यांनी वर्षभर ओढ्याचं गढूळ पाणी प्यायचं.

भोपळा फेकण्याचं काम वानराचं. तो फेकेपर्यंत डुकरांना थोपवायला त्याच्यापुढे पाच म्हशी आडव्या उभ्या राहत, म्हणून त्यांना नुसतं ‘आडव्या’ म्हणत. त्यांना नावं होती, पण मैदानाकाठच्या वडावर बसून खेळ पाहणाऱ्या पाखरांना ती कधी लागली नाहीत.

त्या वर्षी फेकणारे दोन होते. झिपरा वयस्क, सावकाश, पण थंड डोक्याचा. लवंग्या कोवळा, आणि त्याचा भोपळा असा जाई की बघणाऱ्याच्या माना दुखाव्यात. वडावर दोन तट पडले. सराव सुरू व्हायच्या आधीच भांडण सुरू झालं, आणि एका खारीचं जुळलेलं लग्न त्यापायी मोडलं.

“तुमचा झिपरा भोपळा उचलेस्तोवर त्याला कोंब फुटतील,” पोपट म्हणत.

“आणि तुमचा लवंग्या फेकतो झकास. कुणाकडे ते मात्र त्यालाही ठाऊक नसतं,” साळुंक्या म्हणत.

सरावाची एक रीत होती. सरावात डुकरांच्या जागी आपल्याच शेळ्या धावून येत आणि आडव्यांच्या अंगाला नुसतं कपाळ टेकवून थांबत. कुणाला लागू नये, एवढाच हेतू. रीत मायेचीच होती.

आडव्यांच्या मधोमध भुरी उभी राही. एका सकाळी तिचा पुढचा गुडघा सुजला. मैदानाचा कारभार बघणाऱ्या बगळ्यानं तिला विश्रांती दिली आणि सरावापुरतं म्हणून एका मेलेल्या म्हशीच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्या जागी उभं केलं. शेळ्या आल्या, कपाळ टेकवून थांबल्या. पेंढ्याची म्हैस जागची हलली नाही. वडावर त्याची चर्चासुद्धा झाली नाही, कारण लवंग्यानं तेवढ्यात एक अफाट फेक केली होती.

काही दिवसांनी लवंग्या बगळ्याकडे गेला.

“काका, मागे उभं राहिलं की भुरीमावशीचा श्वास ऐकू यायचा. आता ऐकू येत नाही. माझा हात बावचळतो.”

“गुणाची आहे रे ही,” बगळा म्हणाला. “आवाज करत नाही, चारा मागत नाही. तू तुझ्या फेकीकडे बघ.”

लवंग्या घाबरला होता. पण वडावरून त्याच्या नावाचा गजर झाला आणि त्या गजरात त्याला स्वतःची भीती ऐकू येईनाशी झाली. सराव संपता संपता त्याचाच तट वरचढ ठरला.

सामन्याच्या दिवशी भुरी आली. किंचित लंगडत होती, पण आली. आपल्या जागेपाशी येऊन थांबली.

“जागा भरलेली आहे,” बगळा म्हणाला.

“अहो, पेंढ्यानं भरलीय ती.”

“अख्ख्या सरावात तिची एक चूक नाही, भुरीबाई. कुठल्या तोंडानं काढू तिला? तुम्ही दोरीबाहेर थांबा.”

बगळा वाईट नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

भोपळा लवंग्याच्या हातात आला. डुकरांची रांग सुटली, आणि त्यांना टेकून थांबण्याची रीत कुणी शिकवलेली नव्हती. चार म्हशींनी चौघांना अडवलं. पाचवं डुक्कर मधून आलं. त्याला वाटेत काही लागलंच नाही. पेंढा उडाला, आणि तो खाली बसला तेव्हा लवंग्या त्याच्याखाली पडलेला होता. फेकण्याचा हात कोपरापासून उलटा वळला होता. तो हात पुन्हा कधी भोपळा फेकणार नव्हता. त्याला उचलून नेताना तो फक्त भुरीकडे बघत होता.

 वडावर साळुंक्या उसळल्या.

“आम्ही घसा फोडून सांगत होतो! झिपराच पाहिजे होता!”

“एका पडण्यावरून ठरवता होय?” पोपट ओरडले.

पण वड फिरला होता. फांदीफांदीतून झिपराचं नाव घुमू लागलं.

झिपरा मैदानात उतरला. समोर शेळ्या लगबगीनं पेंढा गोळा करून कातड्यात कोंबत होत्या. बगळ्यानं वाकडं झालेलं शिंग चोचीनं सरळ केलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि मान हलवली. भुरी दोरीबाहेर उभी होती. तिचा श्वास इथवर पोचत नव्हता.

झिपरानं एकदा वर वडाकडे पाहिलं. मग वाकून भोपळा उचलला. त्याला पेंढ्याच्या काड्या चिकटल्या होत्या, त्या एकेक करून काढल्या. पलीकडे डुक्कर खुरानं माती उकरू लागलं.