बॉनेटवरचं कुंकू

साताऱ्याच्या रणधीरराव इनामदारांनी आजोबांची पांढरी मोटार विकायला काढली. गिऱ्हाईक आलं की ते मिशीवर हात फिरवत सांगायचे, "रंगसुद्धा कंपनीचाच आहे. आजवर कुणी हात लावलेला नाही!"

जुन्या मोटारींच्या शौकीन हेमाताई चाफेकर गाडीभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "दसऱ्याला पूजा करता ना हिची?"

"म्हणजे काय! आमच्या आईसाहेब दरवर्षी स्वतः बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतात. एक दसरा चुकलेला नाही!"

"इतक्या दसऱ्यांचं कुंकू, आणि पांढऱ्या बॉनेटवर एकही डाग नाही! म्हणजे एक तर रंग नवा, नाहीतर आईसाहेबांची पूजा खोटी. त्यांनाच विचारू का?"

रणधीरराव दाराकडे बघत कुजबुजले, "रंग मागच्याच महिन्यात मारलाय. आईसाहेबांना हाक मारू नका!"