बशीच्या कडेचा चोथा

नदीतला गाळ काढून झाला म्हणून पाटबंधारे खात्याचे शेजवळसाहेब मिशीला पीळ देत सरपंच हौसाक्काच्या ओसरीवर आले. काढलेला गाळ त्यांनी काठावरच थापून त्याला पूरबांध म्हटलं होतं. गेल्या साली असाच बांध पहिल्या पुरात विरघळून नदीत गेला आणि पाणी गावाच्या हळदीच्या रानात शिरलं. आता काम पुरं झाल्याच्या दाखल्यावर साहेबांना हौसाक्काची सही हवी होती.

"गाळ काढला की नाही? फोटो आहेत," साहेब गुरगुरले.

"काढला की. आधी चहा तर घ्या," म्हणत हौसाक्का चुलीकडे गेली.

तिने बशीतच चहा आणला. बशीच्या कडेला चोथ्याचा गोल वरंबा थापलेला. साहेबांनी फोटो चाळता चाळता बशी तोंडाला लावली, तसा सगळा चोथा घसरून चहात गेला, उरलेला मिशीत अडकला.

"अहो बाई, चहा गाळला नाहीत?"

"गाळला की. चोथा काढून काठावर ठेवलेला."

"काठावर कशाला? लांब नेऊन टाकायचा," साहेब खेकसले.

हौसाक्काने दाखला त्यांच्यापुढे सरकवला. "एवढं एक वाक्य यावर लिहा साहेब, आणि तसं करून दाखवा. मग सही करते."