खडकाला फुटला पाझर

वाघदरा हे डोंगराच्या कुशीतले गाव. एका उन्हाळ्यात केवळनाथ महाराज तेथल्या देवळात मुक्कामाला होते. गावच्या वरच्या वस्तीत धुरपदा राहत असे. पंचायतीची सदस्य, पण मोठी भोळी भाविक! वस्तीतल्या बायका दरीतून पाणी आणीत. तिची जाऊ त्याच उतारावर घसरली आणि जन्माची लंगडी झाली. तेव्हापासून धुरपदाने प्रत्येक ग्रामसभेत विहीर मागितली. अखेर मंजूर झाली, खोदलीही. पण खाली लागला नुसता काळा खडक.

सरपंच दौलतराव हसले. "धुरपदाबाई, देव देव करून पाणी लागतं होय? आजच्या सभेत ठराव घेतो आणि तो खड्डा बुजवून टाकतो!"

डोळे पुसत ती महाराजांकडे गेली. महाराज म्हणाले, "विहीर कुणासाठी मागितलीस, बाळ?"

"समद्या वस्तीसाठी, महाराज."

"मग जा. तळाशी जरा पड. फार दमलीस."

ती पायऱ्या उतरली. वर ऊन रणरणत होते, खाली गार सावली होती. खडकाला गाल लावताच तिचा डोळा लागला. स्वप्नात महाराज उंच गवतातून चालावे तसे खडकातून चालत आले. त्यांनी दगडावर हलकेच थोपटले, "ऊठ, माय. लेकरं तहानली आहेत." आणि खोल कुठेतरी कुणी कूस बदलावी तसे काही हलले.

धुरपदा जागी झाली. गाल ओला होता. झोपेत रडले की काय, असे तिला वाटले. पण लुगडेही भिजले होते! खडकाच्या भेगेतून पाणी झुळझुळत होते.

ती तशीच धावत देवळात आली. ओट्यावर ग्रामसभा भरली होती. बुजवण्याच्या ठरावाला हात वर होऊ लागले होते. "पानी! पानी लागलं!" एवढेच तिला बोलता आले.

"उगाच काहीतरी!" दौलतराव गरजले आणि एकाएकी थबकले. महाराज सकाळपासून सर्वांदेखत गाभाऱ्यापाशी बसून होते, जागचे हलले नव्हते. तरी त्यांचे धोतर गुडघ्यापर्यंत चिंब होते. फरशीवर थेंब ठिबकत होते. केवढी ही माया!

दौलतरावांचा वर गेलेला हात खाली आला. ते महाराजांच्या पायांशी वाकले, तसे महाराजांनी पाय आवरले. "मी तर वाटसरू. गावासाठी कोण झिजलं, ते बघा."

दौलतराव वळले आणि भरसभेत त्यांनी धुरपदापुढे माथा टेकला. "चुकलो, बाई."

धुरपदा संकोचून मागे सरली. "उठा, दादा. आधी वस्तीवर चला. पानी प्या."