काचेआडचा चंद्र

"म्हणजे सोबत सांगणारा कोणीच नसतो?" शंखपाळ सरांनी विचारलं.

"गरजच नाही, सर. नकाशा हातात घ्यायचा आणि बाणांच्या खुणेनं आपलं आपण विद्यापीठ बघायचं. सगळं पाट्यांवर लिहिलंय."

खगोलशास्त्राचा विभागप्रमुख उद्धव गोडांबे जरा ऐटीतच म्हणाला. ही पायी फेरी त्याच्याच डोक्यातून निघालेली. तीन वर्षं तिच्यापायी त्यानं जिवाचं रान केलं होतं, आणि त्या धांदलीत वर्गावर जाणं कधी सुटलं ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. वर्तमानपत्रांनी वाहवा केली, कुलगुरूंनी शाल दिली. पण सरांनी विद्यार्थीदशेपासून आजवर त्याला एकदाही शाब्बास म्हटलं नव्हतं. तेवढ्या एका शब्दासाठी त्यानं आज त्यांना घरून आणलं होतं.

सर काठी टेकत चालले. घड्याळाचा मनोरा झाला, ग्रंथालय झालं, जुनी विहीर झाली. प्रत्येक पाटी ते वाचत, मान हलवत आणि पुढे निघत.

सातवा थांबा म्हणजे सरांचाच वर्ग. उद्धवनं दार ढकललं. बाकं लख्ख पुसलेली होती. टेबलावर सरांचं डस्टर, त्याच्याशेजारी 'हात लावू नये' अशी चिठ्ठी. आणि फळ्यावर जाड काच. निवृत्तीच्या दिवशी सरांनी खडूनं काढलेली आकृती तिच्याआड जशीच्या तशी होती: सूर्य, पृथ्वी, चंद्र. खाली लिहिलं होतं, 'प्रा. शंखपाळ यांचा अखेरचा तास'.

"एक रेघ पुसू दिली नाही, सर. लोक इथे थांबून फोटो काढतात."

सर काचेजवळ गेले. चष्मा सारखा करून त्यांनी आकृती न्याहाळली.

"चंद्राची उजळ बाजू कुठे आहे, उद्धव?"

उद्धवनं पाहिलं. सूर्याकडची बाजू काळी होती आणि पलीकडची पांढरी.

त्याला एकदम आठवलं. तास संपताना फळ्यावर मुद्दाम एक चूक सोडून जायची, ही सरांची रीतच होती. दुसऱ्या दिवशी जो ती ओळखेल त्यानं डस्टर घेऊन पुसायची, मगच तास सुरू. त्या काळी डस्टर सगळ्यांत जास्त वेळा उद्धवच्याच हाती यायचं. आणि त्याच उद्धवनं ही चूक काचेत घालून येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवली होती. शरमेनं त्याला मान वर करवेना.

"सर... शेवटच्या दिवशीसुद्धा?"

"दुसऱ्या दिवशी कोणीतरी घरी येईल असं वाटलं होतं," सर म्हणाले. "सकाळपासून दार उघडंच ठेवलं होतं."

सरांनी टेबलावरची चिठ्ठी बाजूला सारली आणि डस्टर त्याच्या हातात दिलं. त्यानं नकळत हात उचलला, पण डस्टर काचेवर टेकून थांबलं.

तो वळला तेव्हा काठी भिंतीला लावून सर पहिल्या बाकावर बसले होते, विद्यार्थ्यासारखी हाताची घडी घालून.

"काच काढ, उद्धव. तास राहिलाय."