चार रोपांची ठमाई

उंबरदऱ्याच्या डोंगरावर आज भर दुपारी अंधारून येतं, इतकी दाट झाडी आहे. फार वर्षांपूर्वी तिथं नुसता मुरूम होता, असं म्हणतात. पाऊस पडला की पाणी थांबायचं नाही, गवत गुडघ्याला लागायचं नाही, आणि डोंगराच्या पोटातला झरा होळीच्या आधीच आटायचा.

त्या काळी गावात सरकारचा हुकूम आला. गावानं डोंगरावर झाडं लावावीत. लावणीच्या दिवसांत सरकार घरटी धान्य देईल आणि तीन वर्षं भाताचं बियाणं देईल. तिसऱ्या उन्हाळ्याअखेर रोपं जगलेली दिसली, तर डोंगराचं गवत, वाळलं लाकूड आणि हिरडा कायम गावाचा. मेलेली दिसली, तर डोंगराला कुंपण पडेल आणि गावानं गुरं दुसरीकडं चारावीत. दुसरीकडं म्हणजे कुठं, ते हुकुमात लिहिलं नव्हतं.

रोपं आली ती ओल्या गोणपाटात, जुड्या बांधून. हिरड्याची आणि जांभळाची. गाव भातलावणी करणारं, आणि लावणीत सगळ्यांच्या पुढं असायची ठमाई. तिचा नवरा आणि दोन मुलं एकाच साथीत गेली होती. त्याविषयी ती बोलायची नाही. तिनं जुडी सोडली, चार रोपं एका मुठीत धरली आणि एका खड्ड्यात लावली, भात लावतात तशी. मागच्या बायकांनीही तेच केलं. वेगळं काही कुणाला सुचलंच नाही. रोपं झऱ्याभोवतीच्या पाव डोंगरालाच पुरली.

म्हातारा कुशा पाटील बांधावर बसून म्हणाला, "ठमे, छान झालं. आता डोंगराला लोंब्या येतील. शिड्या लावून कापणी करू."

श्रावणात जंगलखात्याचे रावसाहेब घोड्यावरून पाहणीला आले. खड्डे पाहून ते खाली उतरले.

"बाई, ही झाडं आहेत, भात नव्हे. खड्ड्याला एकच ठेवा. बाकीची उपटून टाका."

ठमाई म्हणाली, "रावसाहेब, यातलं कुठलं ठेवू, तेवढं बोट लावून दाखवा."

रावसाहेब पहिल्या खड्ड्याशी वाकले. बराच वेळ वाकून राहिले, असं म्हणतात. मग हात झटकून ते उठले. मुदत तिसऱ्या उन्हाळ्याची आहे, तेव्हा बघू, एवढं बोलून ते निघून गेले.

दोन वर्षं बरी गेली. मग एका सालचा पावसाळा कोरडा गेला आणि तिसरा उन्हाळा आला तो आगीसारखा. झरा पौषातच आटला. आसपासच्या गावांनी सरकारी सांगण्याप्रमाणे खड्ड्याला एक अशी लावलेली रोपं काटक्यांसारखी वाळली. ठमाई पहाटे नदीवर उतरायची, हंडा भरून डोंगर चढायची आणि खड्ड्याखड्ड्याला पाणी घालायची. शेवटचा खड्डा होईपर्यंत तिचा हंडा रिता व्हायचा नाही, असं म्हणतात. काही जाणती माणसं म्हणतात की वाटेत दारोदारी बाया उभ्या असायच्या आणि आपल्या तांब्यातलं पाणी तिच्या हंड्यात ओतायच्या. गाव दोन्ही गोष्टी सांगतं.

मुदतीच्या दिवशी रावसाहेब आले. घोडा खाली बांधून ते एकेक खड्डा पायी हिंडले. मागून सगळं गाव. कुठं एक रोप गेलेलं, कुठं दोन, बहुतेक ठिकाणी तीन. काही ठिकाणी चारही जगून एकमेकांना बिलगलेली आणि त्यांचं एकच खोड झालेलं. पाव डोंगर त्यांनी पालथा घातला. सगळं मेलंय, असा एकही खड्डा त्यांना सापडला नाही.

हे कुणी शिकवलं, असं त्यांनी ठमाईला विचारलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "चूकच झाली. पण चारातली तीन गेली, तरी जागा रिकामी राहिली नाही."

रावसाहेबांनी तिथंच दगडावर बसून कागद लिहिला. डोंगर गावाचा झाला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात झाडी आपल्या पायांनी वर चढू लागली, असं म्हणतात. दर वर्षी दोन-दोन बांध. ठमाई वारली त्या दिवशी झाडी माथ्यावर पोचली. तिथं कुणी एकही रोप लावलेलं नव्हतं.

अजूनही जूनमध्ये सरकारी रोपवाटिकेतून गाडी येते. रोपं आता काळ्या पिशव्यांतून येतात, आणि वनरक्षक सगळ्यांना एकत्र बसवून सांगतो, खड्ड्याला एक. गाव मान डोलावतं आणि सांगितल्याप्रमाणे लावतं. फक्त पहिला खड्डा ठमाईच्या नावाचा असतो. त्या वर्षी ज्याच्या घरात मयत झालं असेल, त्याला पुढं बोलावतात. गाव थोडं दूर उभं राहतं. तो माणूस चार पिशव्या फाडतो, चारही रोपं एका मुठीत धरतो आणि लावतो. वनरक्षक तेवढा वेळ नदीकडं बघत राहतो.