काचघराचा चौथरा

ती नगरपालिकेची पाटी वाचू नका. ‘इनामदारांच्या उदार आश्रयाने उभारलेले काचघर’ असं तिच्यावर लिहिलंय, आणि ते धडधडीत खोटं आहे. इथं काचघर होतं हे खरं. हा चौथरा त्याचाच. पण इनामदारांनी ते उभारलं नाही, फोडलं. बसा सावलीला, सांगतो.

राणीचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या कुरणपेठेत धोंडीराम कासार म्हणून एक माणूस होता. घरचा धंदा बांगड्या भरण्याचा. तरुणपणी तो छावणीतल्या एका साहेबाकडे नोकरीला राहिला आणि तिथं फोटो काढायला शिकला, असं सांगतात. परत आला तो लाकडी कॅमेरा घेऊन. या टेकडीवर त्यानं खोली बांधली आणि छपराला काचा बसवल्या, कारण तेव्हा फोटोला उजेड लागायचा तो उन्हाचाच. आधी लोक घाबरले. फोटो काढला की आयुष्य घटतं म्हणायचे. मग मामलेदारांनी काढून घेतला, त्यांना काही झालं नाही, तेव्हा कुठं माणसं यायला लागली. उसनी शाल पांघरून, पागोटं नीट करून खुर्चीत बसायची. धोंडीराम सगळ्यांना सांगायचा, “मी भिंगावरचं टोपण काढलं की हलायचं नाही. जो हलेल तो पुसट येईल.”

त्याचं नाव झालं, आणि इनामदारांनी त्याला पुतणीच्या लग्नाला बोलावलं. मुलीचं नाव गोदी. वय खेळायचंच. तिचे वडील, म्हणजे इनामदारांचे धाकटे भाऊ, आधीच वारले होते. आई होती, यमुनाबाई. नवरा गेला त्याच आठवड्यात तिचं केशवपन झालं, अंगावर आलवण आलं. त्या घरातला सगळा स्वयंपाक तिच्या हातचा. तो सर्वांना चालायचा. तिचं तोंड तेवढं चालत नव्हतं.

लग्नानंतर चौकात मंडळी फोटोला बसली. धोंडीरामानं विचारलं, “मुलीच्या आईसाहेब कुठं आहेत?”

मग इनामदार म्हणाले, “तिचं इथं काय काम? शुभकार्य आहे.”

धोंडीरामानं डोक्यावरचं काळं फडकं काढलं. “मग माझंही काम नाही, सरकार.”

तेवढ्यात माजघराच्या खिडकीतून यमुनाबाईच बोलल्या. “काढा हो कासार. माझ्या लेकीचं लग्न आहे. तिचा तरी निघू दे.”

त्यांचा शब्द म्हणून त्यानं टोपण काढलं. आणि गोदीनं मान वळवली. खिडकीकडं बघत म्हणाली, “आई, तू पण ये ना.” झालं. काका दटावायला वळले, आत्या खुणा करायला लागल्या, नवरदेवही बघायला लागला. तेव्हा फोटो आधी काचेवर उमटायचा; ती काच धुतली तेव्हा सगळे पुसट आले होते. इनामदारांना तर चेहराच नव्हता म्हणे, नुसती पगडी. मागं, खिडकीच्या गजांआड, एकच बाई लख्ख आली होती. डोळ्यांतलं पाणीसुद्धा दिसत होतं, असं सांगतात.

इनामदार संतापले. म्हणाले, “काचेवरून खरवडून काढ तिला.”

धोंडीराम म्हणाला, “सरकार, एवढ्या मंडळींत त्या एकट्या नीट उभ्या राहिल्या. त्यांनाच खरवडू?”

दुसऱ्या दिवशी इनामदारांची माणसं दगड घेऊन टेकडीवर चढली. छप्पर फोडलं, कपाटातल्या फोटोंच्या काचा फोडल्या. ज्यांनी हौसेनं त्याच्यासमोर बसून फोटो काढून घेतले होते, तेच खाली उभे राहून बघत होते. एकानं तोंड उघडलं नाही. मामलेदारही नाहीत. त्यांचा तर फोटो कचेरीत टांगलेला होता.

पण लग्नाच्या त्या काचेवरून एक फोटो आधीच कागदावर उतरला होता. धोंडीरामाची बायको बयाजा बांगड्या भरायला गोदीच्या सासरी गेली आणि बांगड्यांखाली ठेवून तो तिनं मुलीच्या हातात दिला.

धोंडीरामानं पुन्हा काचघर बांधलं नाही. इथंच उघड्या चौथऱ्यावर फोटो काढत राहिला. गोरगरीब यायचे. प्रतिष्ठित मंडळी इनामदारांच्या भीतीनं येत नसत.

गोदीची गोदावरीबाई झाली, वकिलाची बायको. तिनं आपल्या लेकीचं लग्न मुद्दाम माहेरच्या गावी, देवळात केलं आणि वऱ्हाड घेऊन या चौथऱ्यावर आली. मधल्या खुर्चीत इनामदार बसले होते, म्हातारे झालेले. ती म्हणाली, “काका, उठा. ती जागा आईची.”

यमुनाबाईच मागं सरल्या. “नको गं. अपशकुन होईल.”

“तुझ्यावाचून माझं लग्न लागलं, तो अपशकुन होता,” गोदावरीबाई म्हणाली.

इनामदार हलेनात. धोंडीरामानं कॅमेऱ्यावर फडकं टाकलं आणि कडेला जाऊन बसला. ऊन चढलं, वऱ्हाड भुकेजलं, पोरं रडायला लागली. कुणी त्याला घाई केली नाही. शेवटी इनामदार उठले, काठी टेकत टेकडी उतरले आणि घरी गेले. यमुनाबाईंनी पदर सारखा केला आणि खुर्चीत बसल्या. लेक एका बाजूला, नात दुसऱ्या बाजूला.

आजही कुरणपेठेत लग्नाचा पहिला फोटो नवरा-नवरीचा निघत नाही. घरातल्या विधवा बाईला मधे बसवून तो काढतात. अजूनही एखादा व्याही कुरकुरतो, नाही असं नाही. शिकले-सवरलेलेच जास्त. मग आमचा फोटोग्राफर वाद घालत नाही. तो कॅमेरा बॅगेत ठेवतो आणि जेवायला बसतो.