आशीर्वाद कमी पडला

"सगळं बदललं, बुवा. तरी बंद का पडतो?"

निशिकांतनं धड नमस्कारसुद्धा केला नाही. रिक्षातून कॉम्प्युटरचं धूड उतरवलं, मॉनिटर आणि वायरींचा गुंता मठाच्या मंडपात आणून टाकला, आणि वर हा प्रश्न.

निशिकांत बुवांचा शिष्य. कॉम्प्युटरवर लढाईचे गेम खेळतो. त्यातलं त्याच्याएवढं तालुक्यात कोणाला कळत नाही. असं तोच सांगतो.

"काय काय बदललंस?" बुवांनी विचारलं.

"पंखे नवे घातले. प्रोसेसर गार ठेवणारी पेस्ट नवी. पॉवर सप्लाय नवा. धूळ फुंकून काढली. दुकानात दिवसभर चालतो. घरी आणला की तापतो आणि ऐन लढाईत बंद!"

"मग?"

"मग काय! आज चार वाजता फायनल आहे. मागच्या वेळी मी मध्येच गायब झालो. माझ्या जोडीचे चौघं म्हणाले, पळपुटा आहे. आज बंद पडला तर मला टीममधून काढणार."

 मग मान ताठ केली.

"मी माझ्याकडून काही बाकी ठेवलं नाही, बुवा. कमी पडला तो तुमचा आशीर्वाद."

मी स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातांनी उभी होते. वाटलं, या मेल्याच्या टाळक्यात परात घालावी.

बुवा हसले. "कोणता रे आशीर्वाद?"

"ही काय शाल. तुम्हीच दिलेली. पहिल्या दिवसापासून ह्याच्यावर घातलीय. दुकानात नेताना तेवढी काढून देव्हाऱ्यात ठेवतो, आणला की परत घालतो. बंद पडला की अजून घट्ट गुंडाळतो. आता ही पुरत नाही... मोठी द्या."

शाल होती खरी. मरून रंगाची, जरीच्या काठाची. बाळंतिणीचे कान झाकावेत तशी त्या डब्याला चारी बाजूंनी लपेटलेली.

लोक बुवांना शाली देतात, बुवा समोर दिसेल त्याला देऊन टाकतात. मलाही एक दिली होती. तिनं मी चुलीवरचं पातेलं उतरवते.

"चालू कर," बुवा म्हणाले.

त्यानं वायरी जोडल्या, मोबाइलचं इंटरनेट लावलं आणि चालू केला. पलीकडून चौघं सरावाला बसलेच होते, त्यांचा आरडाओरडा स्पीकरमधून यायला लागला. पडद्यावर बंदुका, धूर. डबा घरघरला, मग घोंघावला, मग...

पडदा काळा.

"बघितलंत?"

"बघितलं."

बुवा उठले. डब्यावरची शाल ओढून काढली.

"बस खाली. आशीर्वाद कमी पडला ना? आता पुरा घे."

निशिकांत मांडी घालून हात जोडून बसला. बुवांनी शाल त्याच्या डोक्यावरून घातली. कडा मांडीखाली खोचल्या. नाकासमोर एक फट राहिली होती, तीही बंद केली.

बाहेर वैशाखाचं ऊन. मंडपाचे पत्रे तडतडत होते.

"हलायचं नाही हं."

आणि बुवा स्वतः कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले.

"आवडाबाई, हे बटण दाबू का?"

"दाबा. मला काय विचारता!" मी म्हणाले.

दाबलं. निशिकांतनं शालीखालूनच काय काय करायचं ते सांगितलं आणि गेम पुन्हा सुरू झाला. बुवांचा शिपाई पळत सुटला तो थेट भिंतीवर.

"निश्या, भिंतीला काय धडका देतोस?" स्पीकरमधून आवाज आला.

"मी बुवा बोलतोय."

"कोण बुवा?"

"मेलो बघा... अरे! परत उठलो! आवडाबाई, इथं मेलं तरी परत उठतंय माणूस!"

बुवा टाळ्या पिटून हसले. मी पदर तोंडाला लावला, तरी हसू फुटलंच.

शालीखालून आवाज आला, "बंद पडला का?"

"नाही."

जरा वेळानं, "आता?"

"नाही रे."

"...आता?"

"नाही. तू कसा आहेस?"

शालीखाली चुळबुळ झाली.

मग शाल उडाली. तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, नुसता धापा टाकत होता.

"बुवा, जीव जाईल माझा! आत वारा नाही, काही नाही..."

आणि तिथंच थांबला.

 उघड्या डब्याच्या वरच्या जाळीतून गरम वारा भसाभसा बाहेर येत होता. बुवांनी तिकडं बघितलं. मग निशिकांतकडं.

निशिकांतनं जाळीवर हात धरला. बराच वेळ धरला.

"बुवा... मी सगळं बदललं."

"हो ना."

"हीच तेवढी..."

"पाणी पी आधी."

चार वाजताची फायनल मंडपातच झाली, मोबाइलच्या इंटरनेटवर. बुवा मागून ओरडत होते, "उडी मार! उडी मार!" उडीचं काही काम नसताना. कॉम्प्युटर एकदासुद्धा बंद पडला नाही. समोरच्यांचा शेवटचा गडी निशिकांतनं टिपला, आणि स्पीकरमधून चौघं असे किंचाळले की कळसावरची कबुतरं उडाली.

"निश्या, तुला कोण काढतंय रे आता!"

मी शिरा केला होता. पातेलं शालीनंच धरून आणलं.

बुवा दाराशी, झुळूक येते तिथं, उघड्या अंगानं टेकले होते. निशिकांत धावत आला आणि त्यांच्यासमोर उंबऱ्यातच गुडघे टेकून बसला. दार पुरं भरलं. त्यानं बुवांचे दोन्ही पाय छातीशी धरले. रडतोय काय, हसतोय काय, पाय काही सोडेना.

"तुमच्यामुळं, बुवा! सगळं तुमच्यामुळं!"

बुवांनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

"सरक रे जरा. वारा अडवतोस."